आपत्कालीन संपर्क : भाऊ

माझ्या उभ्या आयुष्यात मी दोनच नोकऱ्या केल्या, आणि दोन्हींत मला लोकांचं नको तेवढं कळत होतं.

पहिली टेलिफोन एक्स्चेंजमधली. भुसावळला ट्रंक कॉल जोडून द्यायला बसले तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची सोयरीक फिसकटली, केळीच्या कोणत्या व्यापाऱ्यानं दिल्लीत कोणाला टोपी घातली, सगळं कानावरून जायचं. आमच्या सुपरवायझर बाई मोठ्या खाष्ट. त्या सांगायच्या, "जोडून द्या आणि कान काढून घ्या." मी तो नियम इतका पाळला, की माझ्या नवऱ्यालाही कधी कोणाचं अवाक्षर सांगितलं नाही. त्याचा त्याला कायम राग होता. बायको एक्स्चेंजमध्ये असून गावातली बातमी आपल्याला न्हाव्याकडून कळते, असं तो चारचौघांत म्हणायचा.

पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली, मुलं मार्गी लागली आणि घरात बसून माझी जीभ सुनेवर धारदार व्हायला लागली. तेव्हा जळगावला बिनकिल्लीच्या गाड्यांची एक कंपनी आली होती, तिला फोनवर बोलणारं अनुभवी माणूस हवं होतं. मी गेले. पुण्याहून आलेल्या पोरगेल्या साहेबांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?" म्हटलं, "शिकेन. ऐकता मात्र आत्ताच येतं." ते हसले आणि मी लागले. पहिल्या आठवड्यातच सगळे मला अक्का म्हणायला लागले.

आज त्या नोकरीबद्दल लिहिते आहे, म्हणजे सुपरवायझर बाईंचा नियम मोडते आहे. नावं बदलली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत. पण न लिहून आता मला जमणार नाही.

ज्यांनी या गाड्या वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गाडी भाड्यानं मिळते, पण ड्रायव्हर नाही आणि किल्लीही नाही. जळगाव, भुसावळ, पाचोरा, धुळे अशा ठिकाणी ठरलेल्या जागी गाड्या उभ्या असतात. तुम्ही फोनवर खातं उघडायचं, परवान्याचा फोटो द्यायचा, आणि गाडीजवळ जाऊन फोनवरचं बटण दाबलं की दार उघडतं. फोन हीच किल्ली. गाडीच्या डॅशबोर्डमागे एक डबी असते, तिच्यात आपल्या मोबाइलसारखं सिमकार्ड. ती डबी आम्हाला सगळं सांगते. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, जोरात आदळली का, दार उघडं आहे का. रिंगरोडवर टाइल्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं, तिथे पडद्यावर प्रत्येक गाडी एक ठिपका. चालती हिरवी, उभी पिवळी, काही भानगड असली की लाल.

दार आम्हाला इथून उघडता यायचं, लावता यायचं. चालती गाडी मात्र बंद पाडता यायची नाही, ही देवाची कृपा. पण एकदा उभी राहिली, की परत चालू होऊ द्यायची की नाही, ते आमच्या हातात. जळगावात खुर्चीवर बसून शंभर किलोमीटरवरच्या माणसाला रस्त्यात उभं करायची ही ताकद. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पाचोऱ्याकडून एकदा फोन आला, "अक्का, गाडी उघडत नही."

"खातं कोणाच्या नावावर आहे?"

"आबांच्या."

"मग आबांना फोन द्या."

पलीकडे कुजबुज झाली. मग दुसराच आवाज आला, जरा घोगरा. "आबा वारले, अक्का. त्यांच्याच गंधमुक्तीचा किराणा आणायला जायचं शे."

मी समजावून सांगितलं, की मेलेल्या माणसाच्या खात्यावर गाडी देता येत नाही, तुमच्यापैकी कोणाचा परवाना असेल तर नवं खातं उघडा. ते हो हो म्हणाले. मी खातं बंद करायला वळते न वळते, तो पडद्यावर गाडीचं दार उघडल्याचं दिसलं. आमच्याकडे दार उघडण्याआधी फोनसमोर तोंड धरावं लागायचं, ते परवान्यावरच्या फोटोशी जुळलं पाहिजे. मी काढून पाहिलं तर समोर आबा. चौकटीतले. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा ताजा हार. आणि खाली आमच्या यंत्राचा शेरा: चेहरा जुळला.

मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुण्याचे साहेब हसले नाहीत. त्यांनी नंतर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायची अट घातली, ती आबांना जमण्यासारखी नव्हती. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ही सगळी यंत्रणा कोणी बसवली असेल त्याच्या डोक्यात एक माणूस, एक फोन, एक खातं असं होतं. आपल्याकडे फोन माणसाचा नसतोच, घराचा असतो. आबांचा ओटीपी धाकट्याला येतो, सुनेचा फोन चार्जिंगला लावून सासू ओसरीवर बसलेली असते. हे मी पुण्याला किती वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "अक्का, लोकांना हळूहळू सवय लागेल."

दुसरी गोष्ट धुळ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची. ते अधूनमधून आमची गाडी घेऊन नाशिकला जायचे, एकटेच. गाडीतल्या पडद्यावर नकाशा असतो आणि तो मागची ठिकाणं लक्षात ठेवतो. त्यांच्यानंतर त्यांच्याच कॉलनीतल्या एकानं गाडी घेतली, सहज बटण दाबलं आणि नाशिकच्या कॅन्सरच्या दवाखान्याचं नाव वर आलं, एकदा नव्हे, चारदा. संध्याकाळपर्यंत कॉलनी सफरचंदं घेऊन सरांच्या दारात. सरांनी हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, तेवढी पार पडू देत, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पाहुण्यांनी मग 'हे घराण्यात आहे का' वगैरे चौकशा सुरू केल्या. सर आमच्यावर ओरडले नाहीत. फोन करून शांतपणे म्हणाले, "बाई, मी तुम्हाला गाडी परत केली होती. माझं दुखणं परत केलं नव्हतं."

त्यानंतर मी भांडून भांडून एक नियम करवून घेतला. गाडी धुणाऱ्या माणसानं सीट पुसायची आणि पडद्याची आठवणही पुसायची. तेवढा एक नियम त्या कंपनीत माझा म्हणून आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सरांच्या काही तो उपयोगी पडला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

माझ्याबरोबर पंकज नावाचे एक गृहस्थ होते. चाळिशीचे, आधी कुरियरमध्ये होते, पापभीरू माणूस. गिऱ्हाईक कितीही बोललं तरी यांचा आवाज चढायचा नाही. 'हो भाऊ, बघतो भाऊ, लगेच करतो भाऊ.' जळगावात हे नवं नाही. रिक्षावाला भाऊ, आमदार भाऊ, भाजीवाला भाऊ. आणि घराघरांतून सगळ्यांत कर्ता पुरुष, तोही भाऊच. माझ्या वडिलांना आम्ही सगळी भावंडं भाऊ म्हणायचो. आत्याही त्यांना भाऊ म्हणायची, तिच्यापुरतं ते खरंही होतं.

आमच्याकडे खातं उघडताना एक रकाना भरावा लागायचा, 'आपत्कालीन संपर्क'. गाडीला काही झालं आणि गिऱ्हाइकानं फोन उचलला नाही, तर कोणाला कळवायचं त्याचं नाव आणि नंबर. लोक त्यात खरं नाव लिहीत नसत. घरात जी हाक मारतात तीच टाकत. आबा, नाना, अक्का, आणि निम्म्यांच्या पुढे भाऊ.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत डबा खाऊन बाहेर आले, तर पंकज समाधानानं खुर्चीत टेकले होते. म्हणाले, "अक्का, एक ताई एरंडोलच्या पुढे अडकल्या होत्या. गाडी आदळल्याचा इशारा आला, मग नुसतीच कडेला उभी. सारखे फोन केले, उचलेनात. शेवटी त्यांच्या भावाला कळवलं. बिचारे फार काळजीत होते. लिंक पाठवून दिली त्यांना."

ही लिंक म्हणजे काय तेही सांगते. ती उघडली की आमच्या पडद्यावरचा ठिपका गाडीच्या नंबरासकट समोरच्याच्या फोनवर दिसतो. गाडी जाईल तसा तो पुढे सरकत राहतो. अपघातात घरच्यांना जागेवर पोचता यावं म्हणून ती सोय होती. पंकजनी नियमाप्रमाणेच केलं होतं, मी असते तरी तेच केलं असतं.

एवढ्यात फोन वाजला. त्याच गाडीतून. बाईचा आवाज, दबलेला, मागे लहान मुलगी काहीतरी विचारते आहे. "मॅडम, माझी गाडी कुठे आहे ते तुम्ही कोणाला सांगितलं का?"

म्हटलं, "तुमच्या भावाला कळवलं बाई, काळजीचं कारण नाही. गाडी ठीक आहे ना?"

मग तिची ऑफिसातली भाषा गळून पडली. "माले भाऊ नही शे, अक्का. आम्ही तिन्ही बहिणीच."

"मग हा नंबर?"

"सासऱ्यांचा. बठ्ठं घर त्यासले भाऊच म्हनस."

मी पंकजकडे पाहिलं. त्यांना फोनवरचं ऐकू गेलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून ते उभे राहिले.

तिचं नाव वैशाली म्हणू. चोपड्याकडच्या एका बागायतदाराच्या घरातली सून. नवऱ्याचा परवाना दारू पिऊन चालवल्यामुळे अडकलेला, म्हणून सासूला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेण्यासाठी वर्षभरापूर्वी तिच्या नावानं हे खातं उघडलं होतं. रकाना भरताना तिनं सवयीनं घरातली हाक लिहिली. त्या दिवशी मुलीचे डोळे तपासायचे सांगून ती घरातून जळगावला आली होती आणि मुलीसह गाडी घेऊन धुळ्याकडे निघाली होती. धुळ्याला आमच्या जागेवर गाडी लावायची, तिथून सुरतची बस पकडायची, सुरतला मोठी बहीण. जळगावच्या स्टँडवरूनच बस का नाही घेतली, असं मी विचारलं. म्हणाली, "तिथं आमच्या गावचं कोणी ना कोणी ऱ्हासच." रस्त्यात खड्ड्यात गाडी आदळली, मुलीला उलटी झाली, म्हणून ती कडेला थांबली. अनोळखी नंबरवरून फोन येत होते ते तिनं घरचेच समजून उचलले नाहीत. आणि मग नवऱ्याचा मेसेज आला, एरंडोलच्या पुढे काय करतेस?

"माझं मी सहन करी लिधं, अक्का," ती म्हणाली. "काल त्यानी पोरगीले विहिरीवर ओणवं धरं. मी जेवन चांगलं नही करं म्हनीसन."

मी लिंक बंद केली. ते एका बटणाचं काम होतं. पण गाडी कोणती, नंबर काय, कोणत्या रस्त्यानं निघाली, हे त्यांना कळून चुकलं होतं. चोपड्याकडून अमळनेरमार्गे आलं की धुळ्याच्या अलीकडे त्यांना तिला गाठता येणार होतं. तिला म्हटलं, फोन बंद करून टाक, निदान त्यांचे फोन तरी येणार नाहीत. आणि बोलता बोलताच लक्षात आलं, की ते तिला शक्यच नाही. फोन बंद केला की किल्ली गेली. ज्या फोनवर ते तिला गाठत होते, त्याच फोनवर तिची गाडी चालू होत होती.

"थांबू नकोस," मी सांगितलं. "सरळ धुळ्यात शिर. तिथे बायकांसाठी सरकारी केंद्र आहे, मी त्यांना कळवते." चौकीचं नाव काढलं तर ती नको म्हणाली, दिराचं तिथे उठणं-बसणं होतं. मी केंद्रात फोन लावला. तिथली बाई चांगली होती, नाव-गाव विचारलं, आमच्या धुळ्याच्या जागेवर येऊन थांबते म्हणाली. पारोळं मागे पडलं. ठिपका हिरवा होता. मी माझ्या सुनेच्या बाळंतपणातही एवढे देव आठवले नव्हते.

मग पुण्याहून साहेबांचा फोन. "अक्का, त्या घरच्यांचा वकील लाइनवर आहे. सुनेनं नातीला पळवून नेलं म्हणतात, तुमची कंपनी मदत करते आहे म्हणतात. गाडी आपली आहे, उद्या बातमी आपल्या नावानं येईल. उभी राहिली की बंद करा."

"ती त्या पोरीची आई आहे, साहेब."

"ते आपण ठरवायचं नाही."

"मग ती कुठे आहे ते सांगायचं आपण ठरवलं ना?"

त्यांनी पुन्हा वकिलाचं नाव काढलं. मी म्हटलं, मी बंद करणार नाही, हवं तर मला काढा. "बरं अक्का, शांत व्हा," ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्या मूर्ख जिवाला वाटलं, मी जिंकले.

धुळे थोडंसं राहिलं असताना ठिपका पिवळा झाला. पेट्रोल पंप होता. मी फोन लावला. "पोरीले लागनी, अक्का. दोनच मिनिटं," ती म्हणाली. गाडी लावून, आत बॅग ठेवून, दार बंद करून ती मुलीला मागच्या संडासाकडे घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा माझ्यासमोर ठिपका लाल झाला होता. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपल्याला परवानगी नाही.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. साहेबांनी पुण्याहून गाडी बंद केली होती आणि माझे अधिकारही काढून घेतले होते. पंकजनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून प्रयत्न केला, तिथेही तेच.

"अक्का, दार उघडत नही," तिचा आवाज आला.

"सोड ती गाडी. हायवेवर जा, मिळेल ती बस पकड."

"बॅग आत शे. पोरीचे दाखले, माझ्या डीएडचं सर्टिफिकेट, बठ्ठं त्यामा शे. त्याशिवाय मी सुरतले जाईसन काय करू?"

मी ओरडले, बॅग सोड म्हणून. आज वाटतं, मी कोण होते तिला सांगणारी. ती बॅग म्हणजे तिचं पुढचं आयुष्य होतं, आणि ते आमच्या दाराआड आम्हीच कोंडलं होतं. तिनं दगड उचलला आणि काचेवर घातला. एकदा, दोनदा. फोन तिच्या हातातच चालू होता, मला तो आवाज येत होता. मग पंपावरच्या माणसांचा गलका. 'ओ बाई, काय करी ऱ्हायनी? गाडी कोनी शे?'

"माझीच आहे. म्हणजे भाड्याची."

"तुझी शे ना? मग किल्ली दखाड."

ती काय दाखवणार होती? तिनं फोन पुढे केला. मी पलीकडून जीव तोडून सांगत होते, की मी कंपनीतून बोलते आहे, गाडीला किल्ली नसतेच, ही बाई आमची गिऱ्हाईक आहे, तिला जाऊ द्या. त्या माणसाला पटेना. त्याचं काय चुकलं? बिनकिल्लीची गाडी, हातात दगड घेतलेली बाई, रडणारं पोर. "कोन्ही कंपनी? मालकले येऊ द्या, मंग बघू," तो म्हणाला. त्यांनी तिला गाडीपासून बाजूला धरून ठेवलं. पंकज दुसऱ्या फोनवर केंद्रातल्या बाईंना पंपाकडे निघा म्हणून विनवत होते. त्या निघाल्याही होत्या.

पण त्यांच्या आधी जीप आली, हायवेवरून गाडीचा नंबर दिसला असावा. दारं आपटल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर एक वयस्क, भारदस्त, शांत आवाज. इतका शांत, की पंपावरची सगळी माणसं एकदम गप्प झाली.

"काही नही भाऊ, आमनी सून शे. डोकं जरासं फिरेल शे तिनं. तुम्ही धरी ठेवं, लई उपकार व्हयनात."

पंपवाल्याला हायसं वाटलं असावं. "घरना माणसे उनात, चला," घरची माणसं आली, असं तो कोणाला तरी म्हणाला. मग त्या पोरीनं जो टाहो फोडला, तो मी अजून विसरू शकलेले नाही. वैशालीचा आवाज नाही. ती एक शब्द बोलली नाही. एक्स्चेंजमधल्या एवढ्या वर्षांत कान काढून घेणं मला कधी जड गेलं नव्हतं, त्या दिवशी मला तो काढता येईना. फोन तिकडूनच बंद झाला.

थोड्या वेळानं आमच्या पडद्यावर सूचना आली. प्रवास संपवला. तो गिऱ्हाइकाच्याच फोनवरून संपवावा लागतो, त्यामुळे फोन आता कोणाच्या हातात होता ते उघड होतं. प्रवास संपला की यंत्र विचारतं, आमची सेवा कशी वाटली. पाच तारे दिलेले होते. खाली लिहिलं होतं, 'चांगली सेवा'. ते वाचून पंकज खाली मान घालून रडायला लागले. मला रडू आलं नाही. मला एवढा संताप आला होता, की टेबलावरचा फोन उचलून मी भिंतीवर फेकला.

पुण्यानं चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला, की नियमांप्रमाणे सगळं बरोबर झालं, फक्त रकान्यात सुधारणा हवी. महिन्याभरात सुधारणा आलीही. आता आपत्कालीन संपर्काच्या पुढे नातं निवडायचं होतं. यादीत सगळ्यांत वर काय असावं? भाऊ. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे झोपाही त्याच खुंट्याला बांधला. ती यादी बघितली त्याच दिवशी मी राजीनामा दिला. पंकज अजून तिथेच आहेत, त्यांची मुलं लहान आहेत. पण आता ते कोणालाच भाऊ म्हणत नाहीत. 'साहेब' म्हणतात, आणि गिऱ्हाइकांना ते परकं वाटतं.

राजीनाम्यानंतर मी धुळ्याच्या केंद्रातल्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, बाई स्वतः बोलली तरच आम्हाला पुढे जाता येतं, पण भेट घ्यायला हरकत नाही. त्यांनी चोपड्याच्या त्यांच्या माणसाकडून कळवलं आणि आम्ही दोघी गेलो. वैशालीला मी पाहिलं ते तेवढंच. त्याआधी ती माझ्यासाठी आवाज होती, आणि त्यानंतर तिचं काय झालं हे मला माहीत नाही.

स्वच्छ सारवलेलं अंगण, ओसरीवर खाट. सासरे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसलेले. माझ्या मनात राक्षस होता, समोर एक मर्यादशील म्हातारा होता, आणि हे जास्त भयंकर वाटलं. "या अक्का, बसा. उन्हाचं उनात," ते म्हणाले. नवरा घरी नव्हता, किंवा आहे असं सांगितलं नाही. मुलगी शाळेत आहे म्हणाले. "सून म्हंजे आमनी पोरगीच शे. नादानी व्हई जास. आम्ही बठ्ठं पोटमा घाली लिधं," असं म्हणून त्यांनी आत चहा सांगितला.

वैशाली चहा घेऊन आली. माझ्या अंदाजापेक्षा लहान निघाली, माझ्या धाकट्या मुलीएवढी. उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज. केंद्रातल्या बाईंनी तिच्याशी एकटीशी बोलायचं आहे म्हणून सांगितलं. सासरे लगेच उठले, अंगणात जाऊन उभे राहिले, पण पाठ आमच्याकडे केली नाही.

बाईंनी विचारलं, काही त्रास आहे का. ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मला राहवेना. मी वाकून हळू आवाजात म्हटलं, "मी अक्का. जळगावची. त्या दिवशी फोनवर होते ती. बाहेर आमची गाडी उभी आहे, ड्रायव्हर आहे. आत्ता उठ, पोरीला शाळेतून घेऊ, मी तुला सुरतपर्यंत पोचवते."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. आपण रस्ता चुकल्यावर एखाद्याला विचारावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

"अक्का, गाडी तुम्हीच बंद करी व्हती ना?"

मी नाही, पुण्यानं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं आमचे अर्धे प्यालेले कप ताटलीत ठेवले आणि ती आत निघून गेली.